रेड मेपल लावायचंय? रोप घेण्याआधीपासून पहिल्या दहा वर्षांपर्यंत काय करायचं आणि कुठे हमखास चुकतं

रेड मेपल चुकीचं लावलं तरी लगेच मरत नाही आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. पहिली चारपाच वर्षं झाड मस्त वाढतं, शरदात लाल पण होतं, घरातले सगळे खुश. मग कधीतरी सातव्या-आठव्या वर्षी शेंडा वाळायला लागतो, एकाच बाजूची पानं ऑगस्टमध्येच लाल होऊन गळतात, आणि मग लोक खत टाक, औषध फवार, पाणी वाढव असं करत बसतात. चूक मात्र बहुतेक वेळा लावायच्या दिवशीच जमिनीखाली झालेली असते, फक्त दिसायला उशीर लागतो. म्हणून इथे लावायच्या आधीची तयारी आणि लावायचा दिवस यावर जास्त लिहिलंय, नंतरची काळजी तशी सोपी आहे.

क्रम बदलू नका. आधी रोप आणून मग माती तपासणारे खूप असतात, त्यांचं हमखास फसतं.

१. आधी खात्री करा की तुम्हाला नक्की हेच झाड हवंय

रेड मेपल म्हणजे एसर रुब्रम, उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं झाड. याची पानं उन्हाळ्यात हिरवी असतात. हो, हिरवीच. लाल होतात ती शरदात, आणि वसंतात पानांच्या आधी बारीक लाल फुलं येतात. वर्षभर लालभडक किंवा जांभळट पानांचं जे झाड तुम्ही कुणाच्या अंगणात बघितलं असेल ते बहुतेक जपानी मेपल नाहीतर नॉर्वे मेपलची क्रिमसन किंग नावाची जात. दोन्ही वेगळी झाडं, उंची वेगळी, काळजी वेगळी.

ओळखायचं कसं: पानाला तीन ते पाच टोकं, कडा करवतीसारखी दातेरी, खालची बाजू फिकट पांढरट, देठ बहुतेक वेळा लालसर. देठ तोडून बघा, दुधासारखा चीक आला तर ते नॉर्वे मेपल. पानं फार खोल कापलेली असतील आणि खालून चांदीसारखी दिसत असतील तर सिल्व्हर मेपल.

नर्सरीत भरपूर खपणारं ऑटम ब्लेझ हे शुद्ध रेड मेपल नाही, रेड आणि सिल्व्हरचा संकर आहे, त्याला फ्रीमन मेपल म्हणतात. वाढतं झपाट्याने, रंगही छान, पण फांद्यांची बेचकी कमजोर निघायची शक्यता जास्त, म्हणजे छाटणीकडे दुप्पट लक्ष द्यावं लागतं. खाली लिहिलेलं बाकी बरंचसं त्यालाही लागू पडतं.

इशारा: ऑनलाइन निळ्या, जांभळ्या, गुलाबी मेपलच्या बिया विकतात. निळं मेपल असं काही नसतं. फोटो रंगवलेले असतात.

२. हवामान आणि जागा

या झाडाला हिवाळ्यात खरी थंडी आणि विश्रांती लागते. अमेरिकेच्या झोन नकाशावर (हिवाळ्यातल्या सगळ्यात कमी तापमानावरून प्रदेशांना नंबर दिलेला नकाशा, नंबर लहान तितकी थंडी जास्त) साधारण ३ ते ९ यात ते येतं. हा पट्टा प्रचंड मोठा आहे आणि इथेच लोक फसतात, कारण फ्लोरिडात उगवणारं रेड मेपल आणि कॅनडाच्या सीमेजवळचं रेड मेपल नावाने एकच असलं तरी स्वभावाने एक नाही. उत्तरेकडच्या झाडापासून केलेलं रोप दक्षिणेत रखडतं आणि दक्षिणेकडचं उत्तरेत नेलं तर थंडीने फांद्या जळतात, तेव्हा रोप कुठल्या भागातल्या मूळ झाडापासून केलंय हे विचारा. आणि जिथे हिवाळ्यात थंडीच पडत नाही तिथे हे झाड लावायचा हट्ट नको, कुंडीत, एसीत, फ्रीजचा बर्फ टाकून वगैरे काही होत नाही.

जागेचं म्हणाल तर पूर्ण वाढलेलं झाड साधारण १२ ते १८ मीटर उंच आणि ९ ते १५ मीटर पसरतं. हातात असलेलं दीड मीटरचं रोप बघून हा आकडा कुणाला खराच वाटत नाही. घराच्या भिंतीपासून निदान ६-७ मीटर, फरसबंदी किंवा ड्राइव्हवेपासून निदान ३ मीटर सोडा. याची मुळं वरच्या थरातच पसरतात, पाच-दहा सेंटिमीटरवर सुद्धा, आणि जवळचं काँक्रीट उचलतात. वर विजेच्या तारा नकोत. दिवसात सहा तास तरी थेट ऊन हवं, सावलीत झाड जगतं पण शरदात पिवळट, मळकं दिसतं.

रस्त्यावर हिवाळ्यात मीठ टाकत असतील तर अगदी कडेला लावू नका, मीठ याला सोसत नाही.

इशारा: घोडे असतील तर कुंपणाजवळ हे झाड अजिबात नको. रेड मेपलची सुकलेली, कोमेजलेली पानं घोड्यांना विषारी असतात, त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि घोडा दगावू शकतो. वादळात तुटून पडलेली फांदी सगळ्यात धोक्याची.

तपासा: अमेरिकेत असाल तर खणण्याआधी ८११ ला फोन करून जमिनीखालच्या गॅस, वीज, केबलच्या लाइन मार्क करून घ्या. फुकट असतं, तरी लोक टाळतात.

३. माती, रोप आणण्याच्या आधी

रेड मेपलला आम्लधर्मी माती लागते. पीएच (आकडा लहान तितकी माती जास्त आम्ल) साधारण ४.५ ते ६.५ असला की उत्तम. ७ च्या वर गेला की मातीत मँगनीज असूनही झाडाला घेता येत नाही, मग पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी पानं दिसायला लागतात. लोक लोह टाकतात, नायट्रोजन टाकतात, काही फरक पडत नाही कारण रोग तो नाहीच.

म्हणून माती टेस्ट करून घ्या, लॅबमधून केली तर बरं. एकाच जागेची माती नको, झाडाची मुळं पसरतील त्या सगळ्या भागातून चारपाच ठिकाणची वरच्या १५-२० सेंटिमीटरमधली माती घेऊन एकत्र करा. नवीन बांधलेल्या घराभोवती विशेष काळजी घ्या, तिथे जमिनीत सिमेंट, प्लास्टर, चुन्याचा राडारोडा पुरलेला असतो आणि पीएच त्यानेच वर गेलेला असतो.

निकाल ६.८-७ च्या आसपास आला तर गंधक टाकून थोडा खाली आणता येतो, पण त्याला महिने लागतात, आणि ते लावण्याआधी, पसरून, टेस्टमध्ये सांगितलेल्या प्रमाणातच. ७.३-७.५ च्या वर आला आणि माती मुळातच चुनखडीची असेल तर माझं स्पष्ट मत, दुसरं झाड निवडा. दरवर्षी गंधक टाकत जमिनीशी भांडण्यात अर्थ नाही, जमीनच जिंकते.

निचऱ्याचं टेन्शन मात्र फार घेऊ नका. हे झाड रानात दलदलीच्या कडेलाही वाढतं, थोडं पाणी साचलेलं चालतं. याला नको असते ती कोरडी आणि दाबून घट्ट झालेली जमीन. मोठा स्क्रूड्रायव्हर ओलसर मातीत हाताने १५ सेंटिमीटर खुपसून बघा. जात नसेल तर खड्ड्याच्या बाहेरची पण माती रुंद पट्ट्यात सैल करावी लागेल.

४. रोप निवडताना

मोठं झाड आणलं की लवकर सावली मिळेल हा हिशोब उलटा पडतो. मोठं झाड खणून काढताना त्याची बरीचशी मुळं शेतातच राहतात, मग ते दोनतीन वर्षं नुसतं सावरण्यात घालवतं. अडीच ते चार सेंटिमीटर जाडीच्या खोडाचं रोप घ्या. जाडी जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर मोजायची.

मग या गोष्टी बघा, घाई न करता. मधोमध एकच सरळ शेंडा असावा, दोन शेंडे बरोबरीने वर जाणारं रोप नको. सालीला जखम, चीर, खरचटलेलं नको, मेपलची साल कोवळेपणी फार पातळ असते. नखाने बारीक फांदी किंचित खरवडा, आत हिरवं दिसलं पाहिजे. कुंडीतलं असेल तर सरळ बाहेर काढून बघू का विचारा. मुळं गोल गोल गुंडाळून जाड दोरखंडासारखी झाली असतील तर ते रोप ठेवून द्या, बारीक मुळं गोल फिरत असतील तर चालतं, ती कापता येतात.

अजून एक प्रश्न जो कुणी विचारत नाही: रोप कलम केलेलं आहे की स्वतःच्या मुळांवर वाढवलंय? रेड मेपलमध्ये कलमाचा जोड कधीकधी वर्षानुवर्षांनी फसतो, वरचं आणि खालचं लाकूड एकमेकांना नीट धरत नाही आणि बऱ्यापैकी वाढलेलं झाड जोडाशीच मोडतं. त्यामुळे फांदीपासून मुळं फोडून केलेलं रोप मिळालं तर तेच घ्या. बुंध्याजवळ खोडाला फुगवटा किंवा वाकडा टप्पा दिसला तर ते बहुधा कलम.

जातींमध्ये ऑक्टोबर ग्लोरी उशिरा रंगते आणि पानं बराच काळ धरून ठेवते, पण फार उत्तरेला कडक दंव रंग यायच्या आधीच पडलं तर मजा जाते, तिथे रेड सनसेट जास्त भरवशाची. बियांचा कचरा नको असेल तर ब्रँडीवाइन किंवा सन व्हॅली बघा, दोन्ही नर झाडं आहेत, अमेरिकेच्या नॅशनल आर्बोरेटम या सरकारी वृक्ष-उद्यानाने काढलेली.

४-अ. बियांपासून करायचं असेल तर

इथे एकच मोठी चूक होते. जपानी मेपल किंवा शुगर मेपलची माहिती वाचून लोक रेड मेपलच्या बिया तीन महिने फ्रीजमध्ये ठेवतात. याला ते लागत नाही. याचं बी वसंताच्या शेवटी पिकतं आणि पडल्या पडल्या उगवायला तयार असतं. पंख तांबूस-तपकिरी झाले की गोळा करा, लगेच पेरा, अर्धा ते एक सेंटिमीटर खोल, भुसभुशीत ओल्या मातीत, हलक्या सावलीत. ओल टिकली तर बहुतेक बिया दोनतीन आठवड्यांत वर येतात, ज्या येत नाहीत त्यातल्या काही पुढच्या वसंतात येतात, तेव्हा वाफा लगेच मोडू नका. खारी, उंदीर खातात म्हणून वर जाळी.

बियांच्या रोपाला आईसारखाच रंग येईल याची खात्री नाही. एखादं पिवळंच निघतं. रंग ठरवून हवा असेल तर जातिवंत रोप विकत घ्या.

५. कधी लावायचं

वसंताच्या सुरुवातीला, कळ्या फुटायच्या आधी, किंवा शरदात पानं गळल्यावर जमीन गोठायच्या आधी. कुंडीतलं रोप दोन्ही वेळी चालतं. पण गोणपाटात बांधलेल्या मातीच्या गोळ्यासकट आणलेलं झाड शरदात ताजं खणलेलं असेल तर रेड मेपल रुसतं, ते वसंतातच लावा. मुळांना माती नसलेलं उघडं रोप असेल तर वसंत, आणि आणल्या दिवशीच, मुळं सुकू न देता.

पाऊस पडून गेल्या गेल्या चिकण मातीत खणू नका. वापसा येऊ द्या. ओल्या मातीत फावडं चालवलं की खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत होऊन बसतात आणि मुळं त्यातून बाहेर पडत नाहीत.

६. खड्ड्याच्या आधी बुंधा शोधा (इथेच सगळ्यात जास्त चुकतं)

लोक काय करतात, कुंडी बघतात, कुंडीएवढा खोल खड्डा खणतात, रोप ठेवतात, माती लोटतात. मुद्दा असा की कुंडीतल्या मातीचा वरचा थर म्हणजे झाडाची खरी जमीन-रेषा नव्हे. नर्सरीत एका कुंडीतून दुसरीत जाताना वर माती चढत जाते आणि रोप मुळात पाच-दहा सेंटिमीटर खोल पुरलेलं असतं. त्यावर तुम्ही अजून खोल लावलं की खोडाची साल मातीत कायम ओली राहते आणि मुळांना हवा कमी पडते. मग झाड वरच्या थरात नवीन मुळं काढतं, ती खोडाभोवती फिरतात आणि खोड जाड होत गेलं की त्याच मुळांचा फास बसतो. रेड मेपलमध्ये ही फास लावणारी मुळं फारच कॉमन आहेत, ते सातव्या-आठव्या वर्षी शेंडा वाळण्याचं प्रकरण बऱ्याचदा हेच असतं.

तेव्हा क्रम असा ठेवा. रोप कुंडीतून काढा. वरची माती बोटांनी बाजूला करत खाली जा, जोपर्यंत खोड रुंद होऊन पहिली जाड मुळं फुटताना दिसत नाहीत तोपर्यंत. त्या जागेला रूट फ्लेअर म्हणतात. मध्ये केसांसारखी बारीक मुळं लागली तर ती खरी नव्हेत, कापून टाका. आता फ्लेअरपासून गोळ्याच्या तळापर्यंतची उंची टेपने मोजा.

ती झाली खड्ड्याची खोली, वजा तीन ते पाच सेंटिमीटर. म्हणजे फ्लेअर जमिनीच्या किंचित वरच राहिला पाहिजे, कारण झाड नंतर थोडं खचतं. चिकण मातीत अजून थोडा वर ठेवलात तरी चालेल. रुंदी मात्र गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि भिंती उतरत्या, बशीसारख्या. तळाची माती सैल करू नका, सैल केली की झाड त्यात बसतं आणि तुमचं सगळं मोजमाप वाया जातं. बाजू मात्र फावड्याने ओरखडून खडबडीत करा.

तपासा: रोप खड्ड्यात ठेवून खड्ड्यावर आडवी काठी ठेवा. फ्लेअर काठीच्या बरोबरीने किंवा वर दिसतोय का? नसेल तर झाड बाहेर काढा, खाली माती घालून पायाने दाबा, पुन्हा ठेवा. कंटाळा येतो पण ही संधी नंतर मिळत नाही.

७. मुळं मोकळी करणं आणि माती भरणं

कुंडीतल्या गोळ्याच्या कडेने फिरणारी मुळं नुसती बोटांनी विस्कटून भागत नाही. धारदार करवतीने गोळ्याच्या चारी बाजूंनी आणि तळातून दोनतीन सेंटिमीटरचा थर सरळ कापून टाका. बघवत नाही, खरंय, पण कापलेल्या टोकांतून मुळं बाहेरच्या दिशेला फुटतात आणि तेच पाहिजे. खोडाला चिकटून आडवं गेलेलं मूळ दिसलं तर तेही आत्ताच कापा.

गोणपाटातलं झाड असेल तर ते खड्ड्यात बसवल्यावर तार, दोरी आणि गोणपाट काढा, निदान वरचा अर्धा भाग तरी पूर्ण. खोडाभोवतीची नायलॉनची दोरी विसरलात तर दोनतीन वर्षांनी ती सालीत रुतलेली सापडते.

भरायला तीच माती वापरा जी खड्ड्यातून निघाली. कंपोस्ट, शेणखत, पीट, वाळू काही मिसळू नका. खड्ड्यात मऊ श्रीमंत माती आणि बाहेर कडक जमीन असली की मुळं खड्ड्यातच गोल फिरत राहतात, म्हणजे आपण कुंडी फोडून पुन्हा जमिनीत कुंडी तयार केली. कंपोस्ट द्यायचंच असेल तर वरून पातळ पसरा. रासायनिक खत पहिल्या वर्षी नाहीच.

अर्धा खड्डा भरला की पाणी ओता, माती बसू द्या, मग उरलेला भरा. पायाने धपाधप तुडवू नका. शेवटी खड्ड्याच्या कडेने मातीचा आठ-दहा सेंटिमीटर उंच बांध घालून आळं करा, बुंध्याजवळ माती चढवायची नाही.

तपासा: सगळं झाल्यावर खोड जमिनीतून विजेच्या खांबासारखं सरळ वर आलेलं दिसत असेल तर खोल लागलंय. तळाशी रुंद होताना दिसलं पाहिजे.

८. पाणी आणि मल्च

दर वेळी किती? खोडाच्या प्रत्येक अडीच सेंटिमीटर जाडीमागे ४ ते ६ लिटर. म्हणजे चार सेंटिमीटरच्या रोपाला साधारण ७ ते १० लिटर. पहिले दोन आठवडे रोज, त्यानंतर बाराव्या आठवड्यापर्यंत दर दोनतीन दिवसांनी, मग आठवड्यातून एकदा जमीन गोठेपर्यंत. पाणी आधी गोळ्यावरच पडायला हवं, कारण सुरुवातीला मुळं तिथेच आहेत, आणि आजूबाजूची माती ओली दिसत असताना गोळा आतून ठणठणीत कोरडा असू शकतो. बोट खुपसून बघा, पाच सेंटिमीटरवर चिखल असेल तर त्या दिवशी नको. लॉनचा स्प्रिंकलर म्हणजे झाडाला पाणी नव्हे, तो वरचा थर भिजवतो आणि संपलं.

साधारण हिशोब, खोडाच्या प्रत्येक अडीच सेंटिमीटर जाडीमागे वर्ष-दीड वर्ष असं पाण्याकडे लक्ष द्यावं लागतं. त्यानंतरही लांब कोरडा काळ आला तर द्या, या झाडाला दुष्काळ आवडत नाही.

मल्च म्हणजे बुंध्याभोवती जमिनीवर पसरायचं आच्छादन: वूड चिप्स किंवा पालापाचोळा, जाडी पाच ते आठ सेंटिमीटर, निदान एक मीटर रुंद गोल, जास्त रुंद जमला तर अजून चांगलं. खोडापासून दहा सेंटिमीटर मोकळं. खोडाला टेकवून मल्चचे डोंगर रचलेले सगळीकडे दिसतात, पण फ्लेअर काढायला एवढी मेहनत घेऊन तोच परत पुरण्याचा हा प्रकार आहे.

इशारा: आळ्यातून गवत काढलं नाही तर कधीतरी कुणीतरी फिरत्या दोरीने गवत कापणारा ट्रिमर घेऊन येतोच, आणि मेपलच्या पातळ सालीला त्या दोरीचा एक फटका पुरतो.

९. आधार आणि खोडाचं रक्षण

हलवल्यावर गोळा हलत नसेल तर काठी बांधू नका. खोड वाऱ्यात थोडं हललं की जाड आणि मजबूत होतं. गोळा हलत असेलच तर दोन काठ्या, रुंद मऊ पट्टा, खोडाच्या खालच्या एक तृतीयांश भागात, सैलसर. एका वर्षात काढून टाका, आत्ताच फोनवर रिमाइंडर लावा.

थंड प्रदेशात हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री कडाका यामुळे नैऋत्य बाजूची साल तडकते. पहिली दोनतीन वर्षं नोव्हेंबरच्या सुमारास खोडाला पांढरं गार्ड (संरक्षक वेष्टण) गुंडाळा आणि वसंतात काढा. उन्हाळाभर ठेवलं तर आत ओल आणि कीड.

१०. छाटणी

लावल्या दिवशी फक्त मोडलेलं, वाळलेलं काढा. मुळं कमी झालीत म्हणून फांद्या पण कमी करू हा जुना समज आहे, पानं कमी केली तर मुळं वाढवायला अन्न कुठून येणार?

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून दर दोनतीन वर्षांनी झाडाकडे बघून फक्त एक प्रश्न विचारायचा: मधला शेंडा एकटा आहे का? रेड मेपल दोन-तीन शेंडे बरोबरीने काढतं, त्यांचं बेचकं अरुंद होतं, आत साल दबली जाते आणि वीस वर्षांनी वादळात झाड तिथेच चिरतं. स्पर्धा करणारा शेंडा बारीक असेल तर पूर्ण काढा, जाड असेल तर एकदम न कापता अर्ध्यावर आखूड करा, तो मागे पडतो. बाजूची फांदी तिथल्या खोडाच्या निम्म्याहून जाड होऊ देऊ नका.

कापताना खोडाला चिकटून कापायचं नाही, फांदीच्या मुळाशी जो फुगीर घेर असतो तो शाबूत ठेवायचा. खुंटीही ठेवायची नाही. एका वर्षात पाव झाडापेक्षा जास्त हिरवं काढायचं नाही. जखमेवर रंग, डांबर, हळद काही लावू नका.

हिवाळा संपताना कापलं तर कापल्या जागेतून रस गळतो. झाड त्याने मरत नाही, पण बघवत नसेल तर पानं पूर्ण तयार झाल्यावर उन्हाळ्याच्या मध्यात कापा.

११. पानांवर काहीतरी दिसतंय

बहुतेक वेळा काही करायचं नसतं. पानावर लाल, मग काळे होणारे पुटकुळ्यांसारखे उंचवटे म्हणजे बारीक कोळ्यांच्या गाठी, दिसायला भयानक पण झाडाला फरक पडत नाही, आणि दिसल्या तेव्हा फवारणीची वेळ गेलेली असते. डांबराचे थेंब पडल्यासारखे काळे डाग हा बुरशीचा टार स्पॉट, शरदात पानं गोळा करून हलवा, बास.

कोवळे शेंडे उन्हाळ्याच्या सुरुवातीला वळून काळे पडत असतील तर तुडतुडे. मोठ्या झाडाला काही होत नाही, लहान रोपाचा मधला शेंडा मात्र त्यामुळे खुंटतो, मग नवीन शेंडा निवडून तोच पुढे न्यावा लागतो.

लक्ष द्यायचं ते तीन गोष्टींकडे. खोडाच्या उन्हाच्या बाजूला साल तडकलेली, ओले डाग, लंबगोल भोकं: ही खोडकिडीची अळी, आणि ती तहानलेल्या, नुकत्याच लावलेल्या झाडाला गाठते, म्हणून खरं औषध म्हणजे पाणी. फांद्यांवर खवले आणि झाड विरळ होत चाललेलं: खवले कीड, तापलेल्या फरसबंदीच्या मधल्या झाडांवर जास्त. आणि एकाच बाजूची फांदी उन्हाळ्यात अचानक कोमेजली, कापल्यावर आतल्या लाकडात हिरवट रेघा दिसल्या तर व्हर्टिसिलियम मर, म्हणजे मातीतल्या बुरशीचा रोग. त्याला औषध नाही, मेलेल्या फांद्या काढा, पाणी सांभाळा, आणि झाड गेलंच तर त्या जागी परत मेपल लावू नका.

इशारा: लॉनवर टाकायचं तण मारणारं औषध-मिश्रित खत मुळांच्या क्षेत्रात नको. त्यातलं डायकँबा नावाचं तणनाशक झाडही शोषतं, पानं वेडीवाकडी होतात. आणि मेपलची मुळं फांद्यांच्या घेराच्या बरीच बाहेर गेलेली असतात हे लक्षात ठेवा.

१२. लाल का होत नाही?

जात कुठली ते आधी बघा, बियांचं झाड पिवळं असू शकतं. मग ऊन कमी आहे का? उन्हाळ्याच्या शेवटी नायट्रोजन टाकलंत का? त्या वर्षी शरदात रात्री थंड पडल्या का? उजळ दिवस आणि गार, पण न गोठणाऱ्या रात्री असल्या की रंग चढतो. फार कोरडा उन्हाळा गेला तर पानं करपून रंग यायच्या आधीच गळतात. एका वर्षावरून झाडाला नापास करू नका. मात्र दरवर्षी इतरांच्या आधी महिनाभर लाल होत असेल तर खुश होऊ नका, झाड त्रासात आहे आणि पुढची पायरी तुमच्यासाठी आहे.

१३. आधीच खोल लावून बसला असाल तर

बुंध्याजवळची माती हाताने किंवा छोट्या खुरप्याने हळूहळू काढत फ्लेअर शोधा, साल न दुखवता. पाच-सात सेंटिमीटरवर सापडला तर खोडाभोवती अर्धा मीटरची उथळ बशी करून उघडा ठेवा आणि कडेला माती उतरती करा. झाड लावून एकदोन वर्षंच झाली असतील आणि ते फारच खोल असेल तर पानं नसताना पूर्ण उचलून परत नीट लावणं जास्त सोपं.

खोडावर आडवं बसलेलं मूळ पेन्सिलीएवढं किंवा अंगठ्याएवढं असेल तर छिन्नीने दोन ठिकाणी कापून तुकडा काढा, आणि खोडात रुतलं असेल तर ओढू नका, नुसतं कापून सोडून द्या. मूळ मनगटाएवढं जाड असेल, किंवा खोडाच्या एक तृतीयांश घेराला वेढा घातलेला असेल, तर स्वतः करवत चालवू नका. शिकलेला आर्बोरिस्ट (झाडांचा तज्ज्ञ) हवेच्या झोताने माती उडवून मुळं उघडी करतो आणि कुठलं मूळ कधी कापायचं ते ठरवतो, कधीकधी दोनतीन वर्षांत टप्प्याटप्प्याने. उघडं केलेल्या झाडाला त्या उन्हाळ्यात लावलेल्या रोपासारखंच नियमित पाणी द्या, आणि खत त्या वर्षी नाही.